नागिणीची मुदत



या सदरात मी सहसा ठेवींची मुदत, वारसनोंद, दुकानाचा विमा, कर्जाचे हप्ते अशा विषयांवर लिहितो. आयुष्य बँकेच्या टेबलामागे गेलेल्या माणसाकडून वाचकांची तीच अपेक्षा असते. आजचा विषय मात्र आरोग्याचा आहे. मी डॉक्टर नाही, वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे; आणि हा लेख लिहिण्याचे कारणही तेच आहे. डॉक्टर नसताना मी एकदा औषध सुचवले आणि त्याचे परिणाम माझ्या थोरल्या बंधूंना भोगावे लागले. यंदाचे दशलक्षण पर्व तोंडावर आले आहे. त्याआधी ही हकीकत वाचकांपुढे ठेवणे मला आवश्यक वाटते.

नोकरीत असताना दर मार्चअखेरीस माझ्या ओठाच्या कडेला पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका उठत असे. ३१ मार्चचा ताळेबंद, त्यापूर्वीची जागरणे आणि आपल्या धाराशिव जिल्ह्यातील ते ऊन, या सगळ्यांचा तो हिशेब असावा. आई म्हणे, "अंगातली उष्णता बाहेर पडली." खरे कारण हर्पीस सिम्प्लेक्स नावाचा विषाणू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील पन्नाशीच्या आतील सुमारे दोन तृतीयांश लोकांच्या शरीरात तो वास करून असतो. बहुधा बालपणीच तो शिरतो, मज्जातंतूच्या गाठीत दडून बसतो आणि ताप, ताण, ऊन किंवा जागरण झाले की डोके वर काढतो.

निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना पुण्याच्या भाच्याने मला लायसिनच्या गोळ्यांची बाटली आणून दिली. "मामा, हे औषध नाही, अमिनो आम्ल आहे. अन्नातलाच घटक," तो म्हणाला. बाटलीवर हिरवा ठिपका होता. मी गोळ्या सुरू केल्या आणि नवव्या दिवशी ओठ स्वच्छ झाला. पुढच्या मार्चमध्ये तर फोड उठलेच नाहीत. माझी खात्री पटली. त्यानंतर ओळखीच्या ज्याच्या त्याच्या ओठावर, पाठीवर, मानेवर फोड दिसले की मी लायसिनचे नाव सुचवू लागलो. अण्णांच्या घरीही एक बाटली पोहोचवली.

अण्णा म्हणजे माझे थोरले बंधू. कळंबला त्यांचे आडत दुकान. वय तेव्हा एकाहत्तर. दोन वर्षांपूर्वीच्या भाद्रपदात, दशलक्षण पर्वाच्या अष्टमीला त्यांच्या कपाळाच्या डाव्या बाजूला फोड उठले. त्याआधी दोन दिवस तिथे आग होत होती, ठणकत होते. पर्वात त्यांचे एकाशन होते. दिवसातून एकदाच अन्न आणि पाणी. नवमीला त्यांचा फोन आला. शेजारच्या आजी नागीण म्हणत होत्या आणि गेरूचा लेप लावायला सांगत होत्या.

"अण्णा, माझ्या ओठावर येते त्याच जातीचे आहे हे," मी म्हणालो. "बाटली आहे ना घरात? जेवणानंतर दोन गोळ्या घ्या."

वहिनींनी फोन घेतला. "भाऊजी, डॉक्टरांना दाखवून आणू का?"

"पर्व होऊ द्या, वहिनी. डॉक्टर दिवसातून चार-पाच वेळा गोळ्या घ्यायला सांगतील. एकाशनात ते कसे जमणार?"

माझ्या या एका वाक्यावर ते घर चार दिवस थांबले. त्रयोदशीला अण्णांचा डावा डोळा लाल झाला, पापणी सुजली, उजेड सोसेना. चतुर्दशीला आम्ही त्यांना सोलापूरला नेत्रतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "फोड पहिल्यांदा कधी दिसले?" मी तिथी सांगितली. ते काही बोलले नाहीत. कागदावर लिहीत राहिले. त्यांनी लगेच उपचार सुरू केले आणि डोळा वाचला. पण बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर डाग राहिला आणि त्या डोळ्याने आजही धूसर दिसते. कपाळाची वेदना आठ महिने टिकली. त्या काळात अण्णांना डोक्यावर टोपी सहन होत नसे. स्वाध्यायाचा ग्रंथ ते आता भिंग घेऊन वाचतात.

त्यानंतर मी एक काम केले, जे आधीच करायला हवे होते. बँकेत कर्जप्रकरण मंजूर करण्यापूर्वी कागदपत्रे तपासावीत, तशी या लायसिनची कागदपत्रे तपासली. जे हाती लागले ते साध्या भाषेत मांडतो.

लायसिन हे प्रथिनाच्या घडणीतील एक अमिनो आम्ल आहे. १८८९ साली ड्रेक्सेल या जर्मन शास्त्रज्ञाने दुधातील केसिन या प्रथिनातून ते वेगळे केले. आपले शरीर ते स्वतः तयार करू शकत नाही. अन्नातूनच ते मिळवावे लागते. प्रौढ माणसाला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज सुमारे ३० मिलिग्रॅम लायसिन लागते, म्हणजे साठ किलोच्या माणसाला सुमारे १.८ ग्रॅम.

विषाणूशी त्याचा संबंध जोडला गेला तो १९६०च्या दशकात. प्रयोगशाळेतील पेशींमध्ये हर्पीसच्या विषाणूला वाढण्यासाठी आर्जिनिन नावाचे दुसरे अमिनो आम्ल लागते आणि लायसिनचे प्रमाण वाढवले की ती वाढ मंदावते, असे दिसून आले. निष्कर्ष काढण्याचा मोह होण्यासारखीच ही गोष्ट होती. १९७८ साली ४५ रुग्णांना लायसिन देऊन त्यांना बरे वाटल्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. परंतु त्यात लायसिन न घेणारा, तुलनेसाठी ठेवलेला गट नव्हता. पुढे तुलनात्मक चाचण्या झाल्या. १९८४च्या एका चाचणीत लायसिन आणि नकली गोळी यांत फरक दिसला नाही. १९८७च्या एका चाचणीत रोज तीन ग्रॅम लायसिन सहा महिने घेणाऱ्यांना फोड कमी वेळा आले. अशा चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २०१५ साली निष्कर्ष दिला की, ओठावरचे फोड टाळण्यासाठी लायसिन उपयोगी पडते याचा पुरावा मिळत नाही.

हे सर्व केवळ ओठावरच्या फोडांविषयी आहे, हेही ध्यानात घ्यावे. नागिणीवर लायसिनचा गुण येतो असे दाखवणारी विश्वासार्ह चाचणी नाही. चामखिळीचा विषाणू तर वेगळ्याच कुळातील आहे. तिथे या तर्कालाही आधार उरत नाही. 'विषाणूजन्य त्वचारोगांवर गुणकारी' असा सरसकट दावा जिथे दिसेल, तिथे सावध व्हावे.

मग माझा ओठ बरा कसा झाला? ओठावरचे फोड उपचार न करताही साधारण सात ते दहा दिवसांत सुकतात. माझे नवव्या दिवशी सुकले. म्हणजे ठरल्या वेळीच. आपोआप आलेली जमा मी लायसिनच्या खात्यावर टाकली. पुढच्या मार्चमध्ये फोड उठले नाहीत, कारण त्या वर्षी माझी बदली अशा कार्यालयात झाली होती, जिथे वर्षअखेरीची जागरणे नव्हती. ही नोंद मी हिशेबातच धरली नव्हती. एका चांगल्या हंगामावरून कोणा व्यापाऱ्याची पत ठरवू नये, हे मी कनिष्ठ अधिकाऱ्यांना वर्षानुवर्षे शिकवत होतो. स्वतःच्या ओठाच्या बाबतीत ते विसरलो.

ओठाच्या फोडांबाबत ही चूक फारशी महाग पडत नाही. नागिणीबाबत पडते, कारण नागिणीला मुदत असते.

नागीण होते ती कांजिण्यांच्या विषाणूमुळे. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या तरी विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी निद्रिस्त राहतो. वय वाढले, प्रतिकारशक्ती उणावली, की एखाद्या तंतूच्या मार्गाने तो त्वचेवर येतो. म्हणून आधी आग व ठणका आणि मग पट्ट्यासारखे फोड, असा क्रम दिसतो. हा विषाणू आणि ओठावरचा विषाणू एकाच कुळातील आहेत. पण 'त्याच जातीचे' हे माझे म्हणणे अर्धवट होते. नागीण कमरेभोवती वेढा पूर्ण करून तोंड शेपटीला मिळाले की माणूस दगावतो, अशी आपल्याकडे समजूत आहे. वास्तविक प्रत्येक तंतू शरीराच्या एकाच बाजूला पसरलेला असतो. त्यामुळे पट्टा बहुधा शरीराच्या मध्यरेषेशी येऊन थांबतो. तोंड आणि शेपूट जुळण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. मंत्र घालून किंवा गेरू लावून नागीण 'उतरते', तेही याच कारणाने: ती दोन-चार आठवड्यांत स्वतःच सुकते आणि श्रेय गेरूला जाते. मी गेरूला हसलो होतो. माझी बाटलीही त्याच माळेतील मणी होती.

खरी भीती दोन गोष्टींची आहे. फोड सुकल्यावरही महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे राहणारी मज्जातंतूची वेदना ही एक. वय जितके अधिक, तितका तिचा धोका अधिक. दुसरी भीती डोळ्याची. कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले, तर तोच तंतू डोळ्याकडेही जातो हे ओळखून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.

यावर उपाय आहेत. असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध १९८०च्या दशकापासून वापरात आहे. ज्यांच्या प्रयोगशाळेतील संशोधनातून ते पुढे आले, त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली नोबेल पुरस्कार मिळाला. त्याच्या गोळ्या आज जन औषधी केंद्रातही मिळतात. मात्र फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू झाले, तर त्याचा लाभ सर्वाधिक होतो. मुदत उलटल्यावर डॉक्टरांकडे जाण्यात अर्थ नाही, असे मात्र समजू नये. नवे फोड येत असतील किंवा डोळा दुखत असेल तर नंतरही उपचार दिले जातात. परंतु हुंडीची तारीख हुकली की काय होते, हे आपणा व्यापारी घराण्यांना सांगायला नको. अण्णांची मुदत एकादशीला संपली. त्या दिवशी ते माझ्या गोळ्या घेत होते.

आता व्रताचा प्रश्न. डॉक्टर दिवसातून चार-पाच वेळा गोळ्या देतील, असे मी वहिनींना म्हणालो, ते अगदीच खोटे नव्हते. असायक्लोव्हिर नागिणीसाठी दिवसातून पाच वेळा घ्यावे लागते. पण त्याच वर्गातील व्हॅलासायक्लोव्हिर दिवसातून तीनदाच घेतात. कोणते औषध, किती आणि केव्हा, हे डॉक्टर ठरवतील. मूत्रपिंडाची स्थिती पाहून मात्रा बदलावीही लागते. आपले एकाशन आहे, सूर्यास्तानंतर आपण काही घेत नाही, हे त्यांना सांगितलेच नाही तर ते मार्ग कसा काढतील? आणि औषधासाठी नियमात सूट घ्यावी की कसे, हे ज्यांच्याकडून नियम घेतला त्या गुरूंना विचारता येते. मी डॉक्टरांनाही विचारले नाही आणि गुरूंनाही नाही. दोघांच्या वतीने उत्तर मात्र देऊन टाकले.

लायसिन कधीच घेऊ नये, असे मी म्हणत नाही. ओठावर वारंवार फोड येणाऱ्या कोणाला ते घ्यायचे असल्यास डॉक्टरांना विचारून घ्यावे. अधिक मात्रेने पोट बिघडू शकते, त्यामुळे कॅल्शियमचे शोषण वाढते आणि मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी ते परस्पर घेऊ नये. विकत घेताना बाटलीची मागची बाजू वाचावी. आपल्या देशातील नियमांनुसार अशा पूरक पदार्थांवर 'औषधी वापरासाठी नाही' या अर्थाची सूचना छापणे बंधनकारक आहे. माझ्या बाटलीवरही ती बारीक अक्षरांत होती. मी हिरवा ठिपका पाहिला आणि तिथेच वाचन थांबवले.

त्या ठिपक्याविषयीही थोडे. हाच घटक कॅप्सूलमध्ये घेतल्यास तिचे कवच जिलेटिनचे, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेले असू शकते. वनस्पतिज कवचही मिळते. खूण पाहूनच घ्यावे. खुद्द लायसिन आज कारखान्यात साखर किंवा मळीवर सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने किण्वन करून तयार होते. जपानमध्ये १९५०च्या दशकात ही पद्धत विकसित झाली. जगातील बहुतांश उत्पादन कोंबड्या व डुकरांच्या खाद्यात जाते. ही माहिती असू द्यावी आणि निर्णय ज्याचा त्याने घ्यावा.

आपल्या स्वयंपाकघरात मात्र लायसिनची वाण नाही. ज्वारीत ते फारच कमी, शंभर ग्रॅममागे सुमारे ०.२ ग्रॅम. तुरीच्या किंवा मुगाच्या डाळीत तेच सुमारे दीड ग्रॅम असते. ५०० मिलिग्रॅमच्या एका गोळीइतके लायसिन साधारण पस्तीस ग्रॅम डाळीत, म्हणजे वाटीभर घट्ट वरणात मिळते; पेलाभर दुधात त्याहून थोडे अधिकच. ज्वारीची भाकरी आणि वरण ही आपल्या भागाची जोडी म्हणूनच भक्कम आहे: भाकरीतील उणीव डाळ भरून काढते. पर्वतिथीला हिरव्या भाज्या वर्ज्य करणाऱ्या घरांत डाळी जास्तच शिजतात. द्विदलाचा नियम पाळणाऱ्यांनीही काळजी करू नये. डाळ आणि दूध एकाच जेवणात असावे लागते असे नाही. दिवसभरात निरनिराळ्या वेळी घेतलेले घटक शरीर एकत्र वापरू शकते. दूध आटवून खवा करताना मात्र त्यातील काही लायसिन दुधातल्या साखरेशी बांधले जाऊन वाया जाते. आपल्या कुंथलगिरीचा खवा खावा तो चवीसाठी; पोषणाच्या खात्यावर त्याची सगळीच रक्कम मांडू नये. आणि आर्जिनिनच्या भीतीने शेंगदाणे, तीळ, सुकामेवा सोडण्याचा सल्ला कोणी दिलाच, तर त्यालाही ठोस पुरावा नाही.

पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना आणखी एक सांगतो. नागिणीवर प्रतिबंधक लस आहे. २०२३ पासून तिची नवी आवृत्ती भारतात उपलब्ध झाली आहे. दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन मात्रा घ्यायच्या असतात. ती स्वस्त नाही. परंतु दुकानाचा विमा दरवर्षी न चुकता उतरवणाऱ्या आपल्या घरांत हा विषय निदान डॉक्टरांशी बोलून पाहावा. मी स्वतः दोन्ही मात्रा घेतल्या आहेत. ज्यांना एकदा नागीण होऊन गेली आहे त्यांनाही ती पुन्हा होऊ शकते. त्यामुळे अण्णांनीही डॉक्टरांच्या सल्ल्याने लस घेतली.

फोड सुकेपर्यंत नागीण झालेल्या माणसाचा स्पर्श तान्ह्या मुलांना आणि ज्यांना कांजिण्या येऊन गेलेल्या नाहीत अशा गर्भवती स्त्रियांना होऊ देऊ नये. फोडांतील पाण्यातून त्यांना कांजिण्या होऊ शकतात. फोडांवर माती, गेरू, राख लावू नये. त्वचा उघडी झालेली असते आणि जखम चिघळते.

गेल्या वर्षीच्या क्षमावाणीला मी कळंबला गेलो. अण्णा ओसरीवर बसले होते, हातात भिंग, समोर ग्रंथ. मी पायांना हात लावला आणि जे वर्षभर ओठांवर येऊन परत जात होते ते बोललो. त्यांनी भिंग खाली ठेवले. वहिनी दारात उभ्या होत्या.

"क्षमा तर त्याच दिवशी केली," अण्णा म्हणाले. "तू डोळ्याचे वाईट व्हावे म्हणून थोडाच बोललास? पण आडतीत आपला एक नियम आहे. चुकीची नोंद खोडायची नाही. तिच्या खाली दुरुस्तीची नोंद करायची, म्हणजे पुढे वही उघडणाऱ्याला दोन्ही दिसतात. तू लिहितोस ना मासिकात?"

मी मान हलवली.

"मग तिथे कर."

यंदाच्या पर्वापूर्वी ती नोंद मी येथे करीत आहे.